झाकलेल्या डब्याचा तास

माघातली सकाळ होती. परतवाड्याहून निघालेली सवारी जीप फाट्यावर थांबली, मी उतरलो, आणि शाळेच्या वाटेला लागतो न लागतो तोच संत्र्याच्या बहराचा वास आला. या वासाला फुलाचा गोडवा असतो आणि सालीचा किंचित कडवटपणाही. नऊ वर्षे मी या वाटेने सायकलवर गेलो. तेव्हा हा वास रोजचा होता, म्हणून त्याच्याकडे लक्ष गेले नाही. आता वयाची सत्तावन्न वर्षे ओलांडल्यावर, निवृत्तीला काही महिने उरले असताना, तो थेट छातीत उतरला.

शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला होता. जुनी खोली पाडायची आहे, निर्लेखनाची मंजुरी आली आहे. कपाटात आपल्या काळचे काही असेल तर एकदा पाहून जावे, असे ते आदराने म्हणाले. निर्लेखन हा आमच्या खात्यातला शब्द. निकामी झालेली वस्तू नोंदवहीतून कमी करायची, की ती कधी होती याचीही जबाबदारी संपते. माणसाच्या मनात अशी सोय नसते.

खोलीत ओल्या चुन्याचा, खडूच्या भुकटीचा आणि पोत्यांत वर्षानुवर्षे राहिलेल्या तांदळाचा वास होता. कपाटाचे दार दोनदा ओढल्यावर उघडले. आत पुठ्ठ्याची घड्याळे, चिंचोक्यांचा डबा, फाटका नकाशा आणि तळाशी निळ्या कव्हराची दोनशे पानी वही. वहीवर माझ्या अक्षरात एकच नाव होते: आचल.

वही हातात घेऊन मी दारात आलो, तर आचल स्वतः समोर, शाळेच्या अंगणात उभी होती. तिचे वय आता चोविसेक. गावाबाहेर तिची संत्र्यांच्या कलमांची रोपवाटिका आहे, आणि चौथीच्या मुलांना कलम कसे बांधतात ते दाखवायला शाळेने तिला बोलावले होते. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीला चाकूने अलगद चीर देऊन तिने संत्र्याचा डोळा आत सरकवला आणि वर पट्टी गुंडाळली. मुले तिच्याभोवती दाटीने बसली होती. मला पाहताच तिने हातातला चाकू खाली ठेवला आणि पुढे येऊन वाकून नमस्कार केला.

मग मुलांकडे वळून म्हणाली, "हे आमचे सर. मी लय वांड होती, पोट्टेहो. सारे म्हनत, हिचं नाव काढा. या सरांनी मले ठेवून घेतलं, म्हनून मी शाळेत राहिली."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी हसलो. ती म्हणाली ते खरे नव्हते. ते खरे नव्हते हे जाणणारी माणसे तीनच: तिची आई, माझ्या तेव्हाच्या सहशिक्षिका तायडे मॅडम आणि मी. इतकी वर्षे मी ते सांगितले नव्हते, आणि आता ते ओठांवर आलेले असताना पुन्हा एकदा गिळून मी जुन्या खोलीत परतलो. वही उघडली.

*

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी तायडे मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, आणि मुख्याध्यापकाचा शिक्काही माझ्याच टेबलावर. घंटेच्या जागी छोट्या रेल्वेगाडीच्या जुन्या रुळाचा तुकडा कडुनिंबाला टांगलेला होता. त्यावर लोखंडाचा घाव पडला की आवाज शिवारापर्यंत जाई आणि पारव्यांचा थवा कौलांवरून उठे. थंडीच्या दिवसांत परिपाठाला उन्हाचा चौकोन अंगणात उतरायचा आणि मुले न सांगता त्या चौकोनात सरकायची. मधल्या सुट्टीआधी खिचडीला फोडणी पडली, की माझ्या गणिताच्या तासातली खाली वाकलेली डोकीही जराशी वर व्हायची. कोणाच्या खिशात उकडलेल्या तुरीच्या शेंगा, कोणाच्या दप्तरात अर्धा खाल्लेला जांब. हे सगळे मला अजून जिवंत आठवते, आणि त्या मुलांचे मी काय केले तेही आठवते.

मी अमरावतीच्या एका शिक्षकाचा मुलगा. वडिलांच्या वर्गात घड्याळाचा लंबक ऐकू येतो, अशी त्यांची ख्याती होती. मी त्या ख्यातीचा वारस. छडी मी क्वचितच उचलली. मला तिची गरजच पडत नसे. "हाताची घडी, तोंडावर बोट" एवढे चार शब्द मी हलक्या आवाजात उच्चारायचो आणि तीस मुले एका क्षणात मूर्ती व्हायची. बाहेरून जाणारे थांबून म्हणायचे, "गुरुजी, वर्ग हाय का देऊळ?" मला ते फार गोड वाटे.

त्या वर्षी शिक्षण परिषदेत ज्ञानरचनावादाची लाट आली. मुलांनी प्रश्न विचारावेत, शोध घ्यावा, शिक्षकाने बाजूला उभे राहावे. महिनाभरात खात्याचे साहेब येऊन वर्ग पाहणार होते. मी प्रामाणिक नोकर होतो. आदेश आला की तो पाळायचा एवढे मला येत होते. म्हणून मी एक गोष्ट केली, जी आज सांगतानाही मान खाली जाते. 'बीज अंकुरण' या पाठावर मी मुलांनी विचारायचे बारा प्रश्न तयार केले, त्यांना क्रमांक दिले, बारा मुलांना वाटून दिले आणि आठवडाभर पाठ करून घेतले. "सर, बीज रुजण्यासाठी कोणकोणत्या घटकांची आवश्यकता असते?" असे शुद्ध, सभ्य, घरी कोणी कधीही न बोलणारे प्रश्न. उत्तरे मला येत होती. ती माझी मीच लिहिली होती.

तायडे मॅडम दारातून ऐकत होत्या. त्या अकोल्याच्या, जठारपेठेत वाढलेल्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, उत्तरं पाठ करून घेतात हे पाह्यलं होतं. प्रश्न पाठ करून घेणारे तुम्ही पहिलेच."

मी ते कौतुक समजलो.

साहेब आले ते श्रावणात. पहिले चार प्रश्न बिनचूक झाले. पाचव्या क्रमांकाचा मुलगा त्या दिवशी मामाकडे गेलेला. सहाव्याला सक्त ताकीद होती की पाचवा झाल्याशिवाय उठायचे नाही. तो बिचारा पाचव्याची वाट पाहत बसला. वर्गात शांतता पसरली. मी खोकलो, फळा पुसला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. आणि त्या शांततेत खिडकीजवळची आचल उठली. तिला एकही प्रश्न मी दिला नव्हता, कारण ती दिलेले काही जसेच्या तसे कधी बोलत नसे.

"सर, बी पेरतानी उलटं पडलं तं मूळ वर येते का जी?"

साहेब खुर्चीत सावरून बसले. "वा. सांगा गुरुजी."

मला माहीत नव्हते. खरेच माहीत नव्हते. आणि नाही म्हणण्याची सवय माझ्या जिभेला नव्हती. मी म्हणालो, "तो भाग पुढच्या इयत्तेत आहे."

"पन बी तं आताच पेरतेत ना, सर," ती म्हणाली. उद्धटपणा तिच्या आवाजात मुळीच नव्हता. ती नुसती अडचण मांडत होती.

मुले हसली, साहेबही हसले. शेरा चांगलाच लिहून गेले. पण मला त्या दिवशी फक्त ते हसणे ऐकू आले.

*

दुसऱ्या दिवशी मी तिला शेवटच्या ओळीत बसवले. शिक्षा म्हणून नव्हे, असे मी स्वतःला सांगितले. ती उठली की मी तिच्याकडे न पाहताच हलक्या आवाजात ते चार शब्द बोलायचो. ती बसायची. आणि थोड्या वेळाने कोणाची तरी किंकाळी यायची. आचलने चिमटा काढला, आचलने पाटी फेकली, आचल पल्लवीच्या हाताला चावली. एकदा ती सरळ उठून वर्गाबाहेर गेली आणि हापशाचा दांडा पाणी संपेपर्यंत चालवत राहिली. त्या लोखंडाचा करकरणारा आवाज वर्गात येत राहिला आणि मी शिकवत राहिलो. वर्णनात्मक नोंदीत मी लिहिले: 'वर्गशिस्तीस बाधा आणते.' शब्द रेखीव होते. माझे अक्षर सुंदर आहे.

पोळ्याआधी एका दुपारी तिची आई फाटकाशी भेटली. सुमनबाई संत्र्यांच्या वाडीत फळे निवडायच्या कामाला जात. हाताला सदैव सालीचा वास. मी त्यांना बाजूला घेऊन अतिशय मृदू शब्दांत सांगितले की या मुलीचे येथे जमत नाही, तिला दुसऱ्या शाळेत घालावे, तिच्याच हिताचे आहे. त्या ऐकून घेऊन निघून गेल्या. मला हलके वाटले. हे मी लपवणार नाही.

पोळा झाल्यावर त्या शाळेत आल्या, डोक्यावरचा पदर नीट करत टेबलाशी उभ्या राहिल्या.

"गुरुजी, पोरीचा दाखला द्या."

तायडे मॅडम शेजारी तांदळाचा हिशेब जुळवत होत्या. त्यांनी वर पाहिले. "काहून हो, सुमनबाई? कुठं चालली आचल?"

"हिच्या मावशीकडं, तिवशाले. गुरुजीच तं म्हनले, हिचं इथं जमत नाई. मास्तर म्हनते मंग काय करावं मॅडम, पोरगी घरी ठेवून मी वाडीत जाऊ का तिच्या मागं फिरू?" त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्या आवाजात फक्त थकवा होता. "माह्या जवळून दूर जाईन, मालूम हाय मले. पन शिकन तरी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत तुच्छता असती तर मी सावरलो असतो. तिथे नुसते आश्चर्य होते, जसे ओळखीच्या घरात चुकीचे दार उघडले जावे तसे.

"दिवाळीच्या सुट्ट्यांपर्यंत थांबा," त्या सुमनबाईंना म्हणाल्या. "तेव्हा मागसाल तर सर स्वतः घरी आणून देतील दाखला."

सुमनबाई गेल्यावर मॅडमनी कपाटातून एक कोरी वही काढली, चार रकाने आखले आणि माझ्यापुढे ठेवली. दिवस. वेळ. काय झाले. त्याआधी काय झाले.

"बी रुजते का नाही ते आपण पाह्यतो ना सर, लिहून ठेवतो. तसंच हे. चिडायचं नाही, नुसतं पाह्यचं. चौथा रकाना सोडायचा नाही."

मी होकार दिला, आणि मनात समाधान मानले की आता लेखी पुरावा तयार होईल. मुलीविरुद्ध.

*

तीच वही आज माझ्या मांडीवर होती. पाने पिवळी पडलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. मी चौथा रकाना बोटाने वाचत गेलो.

'पल्लवीस चिमटा. त्याआधी: हाताची घडी तोंडावर बोट सांगितले.' 'पाटी फेकली. त्याआधी: काही विचारण्यास उठली, बसवले. हाताची घडी.' 'वर्गाबाहेर गेली. त्याआधी: हाताची घडी.' सव्वा महिना रोज मी इमानाने लिहिले होते आणि त्यातले काही मला दिसले नव्हते. अपवाद दोन-तीनच. एकदा बाहेर जोराचा पाऊस पडत असल्यामुळे मी सगळ्यांना मोकळे बसू दिले होते; त्या दिवशी मी लिहिले होते: 'आज काही घडले नाही.'

मला ते ज्या संध्याकाळी दिसले ती संध्याकाळ आश्विनातली होती. गावात भुलाबाई बसल्या होत्या. मातीच्या भुलाबाई आणि भुलोजी पाटावर मांडलेले, भोवती ज्वारीची धांडे उभी केलेली, आणि घरोघर फिरून गाणी म्हणणाऱ्या मुलींचा थवा. मॅडमनी मला आग्रहाने एका अंगणात नेले. सारवलेल्या अंगणाचा वास, उदबत्तीचा वास, टाळ्यांची लय. गाणी संपली आणि घरची बाई झाकलेला डबा घेऊन आली. भुलाबाईचा हा रिवाज इथल्या प्रत्येकाला ठाऊक असतो: खाऊ आधी ओळखायचा, मगच खायचा. बाईने डबा कानाशी नेऊन वाजवला.

आणि आचल पुढे सरकली.

"गोड का तिखट?"

"तिखट."

"तळेल का भाजेल?"

"भाजेल."

"आखो एकदा वाजवा ना काकू. हळू." तिने डोळे मिटून ऐकले. "बारीक वाजून नाई राहिलं. मंग फुटाने नाई. दाताले लागते का?"

"लागते थोडं."

दुसऱ्या मुली नावांची नुसती भरमार करत होत्या. चिवडा, शेव, शंकरपाळे. आचल थांबत होती, हातातले उत्तर तपासत होती आणि त्यावर पुढचा प्रश्न रचत होती. ती पाऊण तास एका जागी होती. कोणाला चिमटा नाही, कोणाला धक्का नाही. आपली पाळी नसताना ती गप्प होती, आणि ते गप्प बसणे माझ्या वर्गातल्या गप्प बसण्यापेक्षा अगदी वेगळे होते. तिच्या कानापासून पायाच्या बोटापर्यंत ते जागे होते. अखेरीस ती म्हणाली, "भाजेल भुईमुंगाच्या शेंगा, टरफलं काढून, वरून तिखट-मीठ," आणि डबा उघडला.

मॅडम शेजारून हळूच म्हणाल्या, "हिले हे प्रश्न कोणी पाठ करून दिले असतील, सर?"

घरी येऊन वही उघडली आणि चौथा रकाना पहिल्यापासून वाचला. सव्वा महिना मी एका मुलीचे निरीक्षण करत होतो, आणि प्रत्येक ओळीत मीच लिहिलेला होतो.

*

शनिवारची सकाळची शाळा. मी एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा फडक्याने झाकून वर्गात नेला आणि म्हणालो, आज पाठ नाही, यात काय आहे ते तुम्ही ओळखायचे. मुले आधी बावरली. एकाने उठून हात जोडून विचारले, "सर, कितव्या नंबरपासून विचारायचं?" तो प्रश्न मीच पेरलेला होता.

पण अर्ध्या तासात वर्गाचा बाजार झाला. हलके का जड, जिवंत का मेलेले, पाण्यात बुडते का. आत कपाशीचे सरकीसकट बोंड होते. ते ओळखले गेले तेव्हा झालेला गलका ऐकून रस्त्यावरचे लोक थांबले. देऊळ गेले होते.

शेवटच्या ओळीत आचल मात्र हाताची घडी घालून, ओठांवर बोट ठेवून बसली होती. मी काही सांगितले नसताना. तिने स्वतःच ठेवलेले ते बोट पाहिले आणि मला कळले की मूल तोडणे किती सोपे असते. दिवाळीच्या सुट्ट्यांना दोन आठवडे उरले होते. ती अशीच गप्प राहिली, तर दाखल्यावर मला सही करावी लागणार होती आणि 'वर्तणूक' या रकान्यात मी काय लिहिणार होतो?

सोमवारी मी वर्गापुढे उभा राहिलो. हात टेबलाला टेकवले. "श्रावणात आचलने एक प्रश्न विचारला होता," मी म्हणालो. "तो भाग पुढच्या इयत्तेत आहे, असे मी सांगितले. ते खोटे होते. मला उत्तर येत नव्हते. आजही येत नाही. तिला मी गप्प बसवले, ती माझी चूक. तो प्रश्न आता आपण सगळे मिळून पाहणार आहोत."

असे काही गुरुजी बोलतात हे मुलांना नवे होते, आणि मलाही. आचलने बोट काढले नाही.

काचेचे चार ग्लास, ओला कागद, हरभऱ्याचे दाणे. टोक खाली, टोक वर, टोक आडवे. चौथा ग्लास कसा ठेवायचा यावर मुलांची भांडणे झाली. पहिल्या खेपेस मी उत्साहाने पाणी जास्त घातले आणि दाणे कुजले. वर्गात आंबूस घाण सुटली. "सरांनी मारून टाकले," एक पोरगा म्हणाला आणि कोणी त्याला दटावले नाही, मीसुद्धा. दुसऱ्या खेपेस पाणी आम्ही थेंबाथेंबाने घातले. खिडकीत ग्लास, रोज परिपाठाआधी त्यांच्याभोवती डोकी. माझ्या आधी शाळेत कोण येते ते मला दुसऱ्या दिवशी दिसले. आचल. काचेला नाक लावून उभी, श्वासाने काच धूसर झाली की फ्रॉकच्या बाहीने पुसायची.

चौथ्या दिवशी उलट्या दाण्यातून पांढरे मूळ वर निघाले. एक गट ओरडला, जिंकलो. पाचव्या दिवशी तेच मूळ वळले होते. दाण्याच्या पाठीवरून वाकडे होऊन, चुकलेल्या वाटसरूने वाट सुधारावी तसे, खाली निघाले होते. गलका झाला नाही. तीस मुले आणि एक प्रौढ माणूस त्या केसाएवढ्या वळणाकडे पाहत उभे होते. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी स्वतः काही नवे पाहिल्याचा तो पहिला दिवस असावा.

"सर," माझ्या कोपराशी आवाज आला. आचलच्या ओठांवर बोट नव्हते. "त्याले कसं समजते जी, खाली कोनतं हाय ते?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. हे तीन शब्द मी वर्गात पहिल्यांदा उच्चारले, आणि काही कोसळले नाही. "कसे शोधावे, तू सांग."

"ग्लासच आडवा करून पाहू," ती म्हणाली. "मूळ वळते का पाहू परत."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सुमनबाई आल्या. दाखला मागायला नव्हे, मुलगी घरातला प्रत्येक ग्लास शाळेत नेते म्हणून तक्रार करायला. "चहा कशात प्यावा गुरुजी आमी?" त्या म्हणाल्या. मॅडम तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तो वर्ग पुढे दूरदूरच्या शिक्षकांनी येऊन पाहिला. झाकलेल्या डब्याचा तास दर शनिवारी होत राहिला, माझी बदली झाल्यावरही. आचलचे चिमटे एका दिवसात थांबले नाहीत. महिन्यातून एखादा निघेच. पण वहीची पाने हळूहळू रिकामी होत गेली आणि एके दिवशी मी लिहायचे विसरलो. त्या मुलांचा मला अभिमान आहे. माझे म्हणून मिरवावे असे या आयुष्यात तेवढेच आहे, आणि त्यातही माझे किती, हे मला ठाऊक आहे.

*

वही मिटून मी बाहेर आलो. मधली सुट्टी झाली होती. मुले खिचडीच्या रांगेत गेली होती. आचल एकटी रोपांना पाणी देत होती. तिचे हात आईसारखेच, सालीच्या वासाचे.

"आचल, मगाशी तू मुलांना सांगितलेस ते बरोबर नाही," मी म्हणालो. "तुला मी ठेवून घेतले नव्हते. तुझे नाव काढा, असे तुझ्या आईला सांगणारा मीच होतो. तायडे मॅडम नसत्या, तर तू तिवशाला गेली असतीस. हे मी तुला फार आधी सांगायला हवे होते."

तिने पाण्याचा डबा खाली ठेवला. ती एका रोपाची पट्टी उगाचच दाबत राहिली.

"आईनं कधी नाई सांगलं," ती म्हणाली. "आई तं म्हनते, सरांनीच ठेवलं."

"तुझ्या मनातून शाळा उतरू नये, म्हणून म्हणाल्या असतील."

"तवा समजलं असतं तं लय राग आला असता, सर." ती थांबली. "आता बी येऊन राहिला."

मी मान हलवली. तो राग तिचा होता. तो लवकर निवावा असे काही बोलायचा मला अधिकार नव्हता. कोपऱ्यात रांगेतली मुले ताटल्या वाजवत होती. तिने हात पुसले, खाली पाहिले, मग माझ्याकडे सरळ पाहिले. नऊ वर्षांची असताना ती असेच पाहत असे, अडचण मांडताना.

"मंग मी पोराइले चुकीचं सांगून बसली ना," ती म्हणाली. "ते दुरुस्त करा लागन. तुमी सांगा. मले सारं मालूम नाई."

खिचडी झाल्यावर तिने स्वतः मुलांना पुन्हा गोलात बसवले. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि सांगितले. पाठ करून घेतलेले प्रश्न, मामाकडे गेलेला पाचवा, हसणारे साहेब, फाटकाशी काढलेले मृदू शब्द, सगळे. काही वगळले नाही. आचल शेवटी, मुलांच्या मागे, मातीत मांडी घालून ऐकत होती. तिचा चेहरा मला वाचता आला नाही.

माझे बोलणे संपले. पुढे बसलेल्या एका मुलीचा हात वर झाला. मग दुसरा, मग पाच-सात. एवढ्यात सर्वांत मागे, मुलांच्या डोक्यांवरून, आचलनेही हात वर केला.

"तिचा आधी," मी मुलांना म्हणालो. "विचार, आचल."